दूध मोजलं जातं, पाणी नाही: बांडुंगच्या माथ्यावरचं सुन्तेनजाया

इंडोनेशियाच्या जावा बेटावरचं बांडुंग हे शहर आपल्याकडे १९५५ च्या आशिया-आफ्रिका परिषदेमुळे माहीत आहे. नेहरू, सुकार्नो, चाऊ एन-लाय जिथे जमले ती गदुंग मर्देका नावाची इमारत आजही शहराच्या मध्यात दिमाखात उभी आहे. तिच्या अगदी कुशीतून एक नदी जाते, चिकापुंडुंग. इमारतीचे फोटो सगळे काढतात. नदीकडे फारसं कोणी बघत नाही, कारण बघावं असं तिच्यात उरलेलं नाही. पाणी तपकिरी, आणि पावसाळ्यात तर पातळ चिखलच.

आज या नदीच्या उलट दिशेने वर जायचं आहे. नदी लांब नाही, तीस किलोमीटरसुद्धा भरत नाही. शहराची उंची सातशे मीटरच्या आसपास. बांडुंग म्हणजे चारही बाजूंनी डोंगर असलेली एक मोठी परात आहे, आणि तिच्या उत्तरेच्या काठावर तांगकुबान पराहु हा जागृत ज्वालामुखी बसला आहे, उंची २०८४ मीटर. त्याच्या पूर्वेला बुकित तुंगुल, २२०९ मीटर. या बुकित तुंगुलच्या पायथ्याशी चिकापुंडुंगचे पहिले झरे फुटतात, आणि तिथेच लेम्बांग तालुक्यातलं सुन्तेनजाया हे गाव आहे. उंची साधारण आपल्या महाबळेश्वराइतकी, पाऊस मात्र त्याच्या निम्म्याहून कमी, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. शहराच्या चौकापासून वीसेक किलोमीटर अंतर. स्कूटरवर तासाभराचा रस्ता, आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांत अडकलात तर किती ते विचारू नका.

एक भाषिक गंमत आधी सांगून टाकतो, कारण ती पुढे उपयोगी पडेल. या भागातली भाषा सुंदा. सुंदा भाषेत ‘चि’ म्हणजे पाणी. चितारुम, चिमाही, चिबोदास, चिकापुंडुंग ही सगळी नावं पाण्यावरून आलेली. आणि ‘पासिर’ म्हणजे टेकडी. इंडोनेशियन भाषेत तोच शब्द वाळूसाठी आहे, म्हणून नकाशा वाचताना जकार्तावालेही फसतात. सुन्तेनजायातली पासिर आंगलिंग ही वाडी टेकडीवर आहे, वाळूत नाही. बाकीचे शब्द आपल्याला अनोळखी वाटणार नाहीत. गाव म्हणजे ‘देसा’, आपला देश. गावकरी म्हणजे ‘वार्गा’, आपला वर्ग. सुन्तेनजायातला ‘जाया’ हा आपला जय. आणि बांडुंग महापालिकेच्या पाणी कंपनीचं नाव तिर्तावनिंग. वनिंग म्हणजे नितळ, आणि तिर्ता म्हणजे तीर्थ. नितळ तीर्थ. हे तीर्थ येतं कुठून, हा आजचा विषय.

देसा या शब्दाला तिथे कायद्याचं वजन आहे. २०१४ च्या ६ क्रमांकाच्या ग्राम कायद्यानंतर प्रत्येक देसाला केंद्राकडून थेट निधी मिळतो. सरपंच, म्हणजे ‘कपाला देसा’, गावकरी निवडून देतात. मुदत सहा वर्षांची होती, २०२४ च्या दुरुस्तीने ती आठ झाली. शहर वाढत वाढत देसापर्यंत आलं आणि देसाचं ‘कलुराहान’ झालं, की चित्र बदलतं. मग प्रमुख हा नेमलेला सरकारी नोकर असतो आणि ग्रामनिधी बंद होतो. त्यामुळे शहराच्या सीमेवरची गावं कागदोपत्री गाव राहायलाच राजी असतात, मग आत कितीही कॅफे उघडोत. सुन्तेनजाया अजून देसा आहे, बांडुंग शहरात नव्हे तर पश्चिम बांडुंग जिल्ह्यात. हा जिल्हा २००७ साली वेगळा झाला. म्हणजे पाणी पिणारं शहर एका कारभाराखाली आणि पाणी देणारा डोंगर दुसऱ्या. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा.

आता जमिनीकडे येऊ. तिथे जमीन ‘तुम्बाक’मध्ये मोजतात. एक तुम्बाक म्हणजे १४ चौरस मीटर. आपल्या एका गुंठ्यात सात तुम्बाक बसतात, थोडा फरक धरून. कुणाकडे शंभर तुम्बाक आहेत म्हटलं, की त्याच्याकडे चौदा गुंठे आहेत असं समजायचं. तेवढी किंवा त्याच्या दुप्पट-तिप्पट जमीन असलेले शेतकरी भरपूर, आणि अजिबात जमीन नसलेलेही भरपूर. माती ज्वालामुखीच्या राखेची, काळसर, इतकी हलकी की मूठभर घेतली तर हातात काही आहे असं वाटत नाही. पाणी धरून ठेवणारी, भुसभुशीत, भाजीला अप्रतिम. तिचा दोष एकच. उघडी पडली आणि उतारावर असली तर ती पाण्याबरोबर लगेच निघते. हिशेब सोपा आहे. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली तर ती दहा घनमीटर होते. ही माती हलकी आहे असं धरलं तरी सात ते नऊ टन. एक मिलिमीटर म्हणजे अगदी पातळ थर. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शेतकऱ्याला ती गेल्याचं कळतही नाही. कळतं ते खाली धरणात.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, टोमॅटो, मिरची, बटाटा ही मुख्य पिकं. कोबीचंच घेऊ. रोपं तीन-चार आठवड्यांची, चार-पाच पानांवर आली की लावतात. अंतर ५० बाय ६० सेंटिमीटर. लागवडीनंतर ८० ते १०० दिवसांत गड्डा तयार. गादीवाफा एक मीटर रुंद, ३० सेंटिमीटर उंच, दोन वाफ्यांत ४०-५० सेंटिमीटरची सरी. मिरची-टोमॅटोला वाफ्यावर प्लास्टिक, वरून चंदेरी आणि खालून काळं. हे सगळं आपल्याकडच्या शेतकऱ्याला ओळखीचं वाटेल. धक्का बसतो तो वाफ्यांची दिशा बघून. वाफे उताराला आडवे नसतात. डोंगराच्या माथ्याकडून पायथ्याकडे सरळ उभे, भांगाच्या रेघेसारखे.

आपल्याकडे पाणलोटाचं शिबिर केलेला शाळकरी मुलगाही सांगेल की हे चुकीचं आहे. पण शेतकरी वेडे नसतात. चार कारणं आहेत आणि चारही खरी आहेत. पहिलं, ही माती पाणी धरते. आडव्या सरीत पाणी तुंबलं की कोबीची मुळं गुदमरतात आणि बटाटा सडतो. दुसरं, ओल साचली की बटाटा-टोमॅटोवर करपा येतो. तो ढगाळ थंड हवेत चार-पाच दिवसांत आख्खं शेत काळं करतो. उभ्या सरीत पाणी थांबत नाही आणि हवा खेळते. तिसरं कारण पुस्तकात क्वचित सापडतं. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा फवारणी पंप घेऊन आडव्या सरीतून चालून बघा. एक पाय वर, एक खाली, कंबर एका बाजूला. उभ्या सरीत चढणं दमवतं, पण घसरणं कमी. चौथं म्हणजे आडव्या वाफ्याला दरवर्षी बांध दुरुस्त करावा लागतो, आणि जमीन खंडाने किंवा निम्म्या वाट्याने घेतलेली असेल तर ‘दुसऱ्याच्या जमिनीचा बांध मी का बांधू’ हा प्रश्न येतोच. तो जगात सगळीकडे येतो.

आता प्लास्टिक. लोकांना वाटतं प्लास्टिकने माती वाचते. वाफ्यावरची वाचते, हे खरं. पण शेताचा निम्म्याहून जास्त भाग प्लास्टिकने झाकला, की त्यावर पडलेला सगळा पाऊस सरीत उतरतो. नोव्हेंबर ते एप्रिल या पावसाळ्यात दुपारनंतर एकाच पावसात ६० मिलिमीटर पडणं अधूनमधून होतंच. शंभर तुम्बाक शेतावर ६० मिलिमीटर म्हणजे ८४ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे आठ टँकर तासा-दीड तासात त्या उभ्या सऱ्यांतून खाली सोडल्यासारखं होतं. सरीचा तळ खरवडला जातो, खालच्या टोकाला ओहळ पडतो, ओहळाची घळ होते.

मग उपाय काय? ‘वाफे आडवे करा’ असा उपदेश करून सरकारी माणसं घरी गेली, शेतकऱ्यांनी ऐकलं नाही, हे अनेक वर्षं चाललं. चालण्यासारखी तडजोड अशी. वाफे उभेच ठेवा, पण दर पाच मीटरला तोडा. त्या तोडावर उताराला आडवा एक बांध आणि त्याच्या वरच्या अंगाला चर, चराला शंभर मीटरला एक मीटर एवढाच ढाळ, म्हणजे पाणी तुंबणार नाही आणि धावणारही नाही. चराच्या वाटेत मधे मधे ‘रोराक’ खणायचे. रोराक म्हणजे दोन्ही टोकं बंद असलेला आखूड खड्डा, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल, मीटर-दोन मीटर लांब. पाणी त्यात क्षणभर विसावतं, गाळ खाली बसतो, पाणी पुढे जातं. आपल्या सलग समतल चराचाच हा चुलत भाऊ, फरक एवढाच की समतल चरात पाणी मुरवायचं असतं आणि रोराकमध्ये माती पकडायची असते. पकडलेली माती दर काही आठवड्यांनी फावड्याने काढून वाफ्यावर परत टाकायची. इथे घोडं पेंड खातं. पावसाळ्याच्या मध्यात रोराक भरतो, मजूर कोबी तोडणीत गुंतलेले असतात, कोणी उपसत नाही. भरलेला रोराक म्हणजे नसलेला रोराक.

बांधाच्या ओठावर हत्ती गवत लावणं हा दुसरा उपाय. मुळं बांध धरून ठेवतात आणि गवत गुरांना होतं. ज्याच्या घरी गाय आहे तो हे आनंदाने करतो. ज्याच्या घरी नाही तो म्हणतो, गवताची सावली पडते, मुळं माझं खत खातात, दोन फूट जमीन जाते. दोघेही आपापल्या जागी बरोबर. म्हणून या गावातली मातीची गोष्ट गायीला वगळून सांगताच येत नाही.

गायीकडे जायच्या आधी बाजाराबद्दल दोन शब्द. पीक बहुतेकदा उभंच विकलं जातं. त्याला ‘तबास’ म्हणतात, आपल्याकडे आपण ‘उक्तं दिलं’ म्हणतो तेच. व्यापारी शेतात येतो, डोळ्याने अंदाज घेतो, एक आकडा ठरतो, तोडणी आणि वाहतूक त्याची. माल रात्री बांडुंगच्या चारिंगिन बाजारात किंवा थेट जकार्ताच्या क्रामात जाती बाजारात जातो. बी-बियाणं, खत, प्लास्टिकसाठी हाच व्यापारी आगाऊ पैसे देतो, त्यामुळे भाव ठरवताना शेतकऱ्याचा आवाज बसका असतो. नगर-नाशिकच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

आता गायी. लेम्बांगला डच काळापासून दुधाचा धंदा आहे. गायी काळ्या-पांढऱ्या, फ्रिजियन होल्स्टिन जातीच्या. १९७१ साली इथे दूध उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि ती आजही या टापूतला दुधाचा कणा आहे. एका घरी तीन-चार गायी. चरायला सोडत नाहीत, कारण चरायला जागाच नाही. गाय गोठ्यात, गवत तिच्यापर्यंत चालत येतं, नेमकं सांगायचं तर मोटारसायकलवर येतं. चालवणारा दिसत नाही एवढा भारा.

एका गायीला दिवसाला ४० किलो हिरवं गवत. चार गायींना १६०. वर्षाचे ५८ टन. हत्ती गवत हेक्टरी दोनशे-अडीचशे टन निघतं, म्हणजे चार गायींसाठी पंचवीस-तीस गुंठे फक्त गवताला हवेत. ज्याच्याकडे एकूण चौदा गुंठे आहेत त्याने काय करायचं? तो जंगलाकडे बघतो. जावा बेटावरची बरीचशी सरकारी जंगलं ‘परहुतानी’ नावाचं वन महामंडळ सांभाळतं. सुन्तेनजायाच्या वर त्यांची चीडाची लागवड आहे. २००१ मध्ये महामंडळाने गावांशी भागीदारीचे करार करायला सुरुवात केली. झाडाला हात लावायचा नाही, खाली गवत किंवा सावलीतली कॉफी लावा. हजार मीटरच्या वर अरेबिका कॉफी चांगली येते. भाजीला मात्र झाडाखाली परवानगी नको, कारण भाजीला ऊन लागतं आणि ऊन हवं म्हणून आधी फांद्या जातात, मग झाडाची साल निघते, मग झाड ‘आपोआप’ वाळतं.

गवताच्या जोडीला सहा-सात किलो पशुखाद्य, टोफूच्या कारखान्यातला सोयाबीनचा चोथा, आणि आपण ज्या कंदापासून साबुदाणा करतो त्याचं पीठ काढून उरलेला गाळ. जुलै ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत गवत आटतं, तेव्हा उत्तरेला खाली सुबांगच्या भातखाचरांतून पेंढा येतो. पेंढ्यावर गाय जगते, दूध देत नाही. दुधातला एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन घटक, घसरला की समजावं गायीला ताकद कमी पडते आहे. फॅट घसरलं तर उलट, पेंड जास्त आणि चारा कमी होतो आहे. संस्थेच्या पावतीवरचे दोन आकडे वाचता आले तर गोठ्यात न जाता गव्हाणीत काय पडलंय ते सांगता येतं.

धार दिवसातून दोनदा, पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. इंडोनेशियाच्या मानकाप्रमाणे दुधात फॅट किमान ३ टक्के, एसएनएफ ७.८ टक्के, आणि जिवाणूंची संख्या एका मिलिलिटरला दहा लाखांच्या आत लागते. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर बांधतात, त्या मानाने हा निकष सैल वाटेल. पण सगळा पीळ जिवाणूंच्या आकड्यात आहे, कारण त्यावरून दर कमी-जास्त होतो. आकडा वाढण्याची कारणं ठरलेली. कास धुतली पण पुसली नाही, ओल्या कासेवरचं पाणी थेट बादलीत. पहिल्या चार धारा बाजूला काढल्या नाहीत. प्लास्टिकची बादली, जिच्यावरच्या ओरखड्यांत जुनं दूध आंबतं आणि घासून निघत नाही. आणि शेवटचं, उशीर. धार काढल्यापासून दोन तासांच्या आत दूध संकलन केंद्रात जाऊन चार अंशांपर्यंत थंड झालं नाही, तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात. डोंगरातली वाडी, घसरडी वाट, कॅन मोटारसायकलला बांधलेला. उशीर का होतो ते सांगायला नको.

२०२२ मध्ये या सगळ्यावर लाळ्या-खुरकूत आली. इंडोनेशिया १९८६ पासून या रोगापासून मुक्त होता, म्हणून लसीकरण बंद होतं आणि एकाही गायीच्या अंगात प्रतिकारशक्ती नव्हती. आपल्याकडे दर सहा महिन्यांनी लस टोचणारा माणूस दारात येतो तेव्हा आपण कंटाळतो. तिथे तो येत नव्हता. पूर्व जावात साथ दिसली आणि काही आठवड्यांत लेम्बांगचे गोठे लोळायला लागले. मेलेल्या गायींपेक्षा मोठं नुकसान वाचलेल्या गायींचं झालं, कारण त्यांचं दूध पुन्हा पहिल्यासारखं भरलं नाही.

आणि आता शेण. मी मुद्दाम इथपर्यंत थांबलो.

एक गाय दिवसाला वीस-पंचवीस किलो शेण टाकते. चार गायी, शंभर किलो. गावात नुसत्या हजार गायी धरल्या तरी रोजचे वीस टनांच्या वर. गोठे उतारावर एकाखाली एक. तळ सिमेंटचा, त्याला ढाळ, ढाळाच्या टोकाला गटार, गटार ओढ्यात, ओढा चिकापुंडुंगमध्ये. गोठा स्वच्छ ठेवा असं संस्था सांगते, कारण जिवाणूंचा आकडा. शेतकरी दिवसातून दोनदा नळीने गोठा धुतो. म्हणजे ज्या सवयीने दूध स्वच्छ होतं, नेमक्या त्याच सवयीने नदी घाण होते. यात खलनायक कोणी नाही, म्हणूनच हे सुटायला अवघड आहे.

२००९ पासून इंडोनेशियात घरगुती बायोगॅसचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. टाकी जमिनीखालची, पक्क्या घुमटाची, आपल्या दीनबंधू गोबरगॅसच्या घराण्यातली. ४ पासून १२ घनमीटरपर्यंत आकार. लेम्बांग भागात अशा टाक्या बऱ्याच झाल्या आणि चुलीपुरता गॅस मिळतोही. पण टाकी बांधली म्हणजे शेणाचा प्रश्न सुटला, हा समज दोन ठिकाणी फसतो.

एक, पाणी. शेण आणि पाणी समसमान घालायचं असतं. ४ घनमीटरच्या टाकीत रोज ४० किलो शेण आणि ४० लिटर पाणी घातलं, तर मिश्रण आत पन्नासेक दिवस राहतं. घुमटातली गॅसची जागा वजा केली तरी चाळीस. थंड हवेत जिवाणू मंद असतात, तेव्हा एवढे दिवस हवेतच. आता गोठा धुतल्याचं चारशे लिटर पाणी त्याच तोंडातून आत सोडलं, तर तोच मुक्काम आठ-नऊ दिवसांवर येतो. शेण कुजायच्या आधीच दुसऱ्या बाजूने बाहेर. गॅस कमी, बाहेर येणारा रबडा कच्चा, आणि शेतकरी म्हणतो टाकी बिघडली. टाकी ठणठणीत असते. शेण आधी फावड्याने ओढून घ्यायचं, मग धुवायचं, आणि धुवणाचं पाणी वेगळ्या गटाराने काढायचं. पाच मिनिटांचं जास्तीचं काम. पण दिवसातून दोनदा, वर्षाचे ३६५ दिवस.

दोन, जेवढं आत जातं तेवढंच बाहेर येतं. गॅस निघून गेला तरी रबड्याचं आकारमान कमी होत नाही. ८० लिटर आत, ८० लिटर बाहेर. त्याला जायला शेत नसेल तर तो शेवटी ओढ्यातच जातो. भूमिहीन गोपालकाच्या दारात बांधलेली टाकी म्हणजे प्रदूषणाला एक वळसा. त्यात सरकारी अनुदानाचा तीन किलोचा हिरवा सिलिंडर, ज्याला तिथे सगळे ‘मेलोन’ म्हणतात, कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. काडी ओढली की गॅस. रोज शेण कालवायचा उत्साह टिकायचा कसा?

कच्चं शेण शेतात टाकणं हा सोपा मार्ग वाटतो. त्यात एक छुपी गोम आहे. कोबीची मुळं सुजून गदेसारख्या गाठी होण्याचा एक बुरशीसारखा रोग आहे. तिथे त्याला नावच ‘आकार गादा’ आहे, आकार म्हणजे मूळ आणि गादा म्हणजे आपली भीमाची गदा. रोप दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, उपटल्यावर खाली गदा दिसते. याचे बीजाणू मातीत दहा-पंधरा वर्षं सहज टिकतात आणि गायीच्या पोटातून जाऊनही मरत नाहीत. तोडणीनंतर उरलेला कोबीचा पाला गायीला घालायचा, तिचं कच्चं शेण दुसऱ्या शेतात टाकायचं, म्हणजे रोग घरपोच. शेणाचा ढीग नीट घालून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापू दिला आणि दोन-तीनदा उलथला तर धोका पुष्कळ घटतो. जमीन आंबट असेल तर डोलोमाईट चुना टाकून सामू ७ च्या वर न्यायचा, आणि त्या शेतात काही वर्षं कोबीवर्गीय काही लावायचं नाही. शेवटची अट चौदा गुंठेवाल्याला सांगणाऱ्याने जरा विचार करून सांगावी. गांडूळखत हा मार्ग काही गटांनी धरला आहे आणि तो चालतो, कारण खत पोत्यात भरता येतं, पोतं विकता येतं. ओला रबडा विकत घ्यायला कोणी येत नाही.

पिण्याचं पाणी गावात झऱ्यावरून नळ्यांनी येतं. कुठल्याही वाडीत जा, रस्त्याच्या कडेने नळ्यांचा गुंता दिसेल, प्रत्येक घराची स्वतःची नळी. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. उंचीच्या दर दहा मीटर फरकाला एक बार दाब वाढतो. झरा घरापेक्षा ८० मीटर वर असेल तर तळाशी आठ बार, आणि स्वस्तातली नळी रात्री नळ बंद झाल्यावर फुटते. म्हणून अध्येमध्ये एक उघडी टाकी लागते, जिच्यात पाणी पडलं की दाब शून्यावर येतो आणि पुढचा प्रवास नव्याने सुरू होतो. नळी कुठे उंचवट्यावरून नेली तर तिथे हवा अडकते आणि पाणी थांबतं. तिथे छोटं भोक किंवा तोटी ठेवतात. दहा घरांनी मिळून एक मोठा पाइप आणि एक टाकी केली तर खर्च निम्मा होईल हे सगळ्यांना कळतं. पण स्वतःची नळी म्हणजे स्वतःचा हक्क, आणि कोरड्या महिन्यांत हक्क सोडवत नाही.

गावातून खाली तीन गोष्टी जातात. दूध, भाजी आणि पाणी. दुधाला लिटरमागे पैसे मिळतात, त्यात जिवाणूसुद्धा मोजले जातात. भाजीला किलोमागे, कमी-जास्त. पाण्याला काहीच नाही. खाली बांडुंगच्या दागो भागाजवळ चिकापुंडुंगवर १९२३ चं बेंगकोक जलविद्युत केंद्र आहे, त्याच नदीचं पाणी शहराच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. वर ज्याने बांधाला गवत लावलं आणि ज्याने नाही लावलं, दोघांना यातून मिळणारा मोबदला सारखाच, शून्य. दुधात जसा आकडा घसरला की पावतीवर दिसतो, तशी पावती मातीला नाही.

अशी पावती करून बघितलेलं ठिकाण फार लांब नाही. शेजारच्या बांतेन प्रांतात चिदानाउ नावाचं खोरं आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीला पाणी पुरवणारी कंपनी २००५ पासून वरच्या शेतकऱ्यांच्या गटांशी करार करते. हेक्टरी ५०० झाडं उभी ठेवा, झाडं मोजू, मग हप्ता देऊ. करार एकट्याशी नसतो, गटाशी असतो. एकाने झाडं तोडली तर सगळ्यांचा हप्ता धोक्यात. याने शेजारी शेजाऱ्यावर लक्ष ठेवतो, आणि भांडणंही होतात. बांडुंगच्या वरच्या भागात हे जसंच्या तसं बसणार नाही, कारण चिदानाउत बागायती झाडं होती आणि इथे कोबी आहे. इथे झाडं मोजून भागायचं नाही. मोजायचं तर दर पाच मीटरचा तोड आहे का, रोराक उपसला आहे का, शेण फावड्याने उचललं का, हे मोजावं लागेल. जरा कटकटीचं आहे, पण दूध संस्था रोज दोन वेळा प्रत्येक कॅन तपासते, तेही कटकटीचंच आहे.

उत्तर बांडुंगसाठी प्रांताने नियम केला, २००८ ला आणि पुन्हा २०१६ ला. समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या वर बांधकामावर निर्बंध. निर्बंध असूनही काय बांधलं गेलं ते दागोच्या रस्त्याने वर जाताना उजवी-डावीकडे दिसतं. विकलेल्या शेतावर बंगला येतो, जुना मालक तिथेच राखणदार होतो. बंगल्याच्या छपराचं पाणीसुद्धा त्याच ओढ्यात.

कधी गेलात तर सकाळच्या पर्यटनाच्या वेळी जाऊ नका. दुपारी तीन-साडेतीनला संकलन केंद्राजवळच्या ओढ्यावरच्या पुलावर उभे राहा. मोटारसायकली कॅन घेऊन येतात, मोजमाप होतं, नमुन्याच्या बाटल्या भरल्या जातात, टँकर हलतो. तोवर ओढा बऱ्यापैकी स्वच्छ असतो, तळाचे दगड दिसतात. मग वरच्या घरांत नळ्या सुरू झाल्याचा आवाज येतो. थोड्या वेळात दगड दिसेनासे होतात.